व्हिक्टोरियाला रात्री आठ ते बारा: उतरायचं की नाही?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात सिअ‍ॅटलहून अलास्काची सात रात्रींची क्रूझ. तुम्ही दोघं, नऊ वर्षांचा मुलगा आणि सासू-सासरे. शेवटचा थांबा कॅनडातलं व्हिक्टोरिया, वेळ रात्री ८ ते ११.५९. सासऱ्यांचे गुडघे दुखतात. एका ओळखीच्यांनी सांगितलं, 'तो थांबा नावापुरता असतो, उतरूच नका.' दुसऱ्यांनी सांगितलं, 'बुचार्ट गार्डन नाही बघितलं तर व्हिक्टोरियाला जाऊन उपयोग काय?' आणि सासरे म्हणतायत, 'तुम्ही जा, मी बोटीवर बसतो.'

अलास्काच्या क्रूझवर मराठी मंडळींचे गट घेऊन जाण्याचं काम मी बरीच वर्षं करतोय, मधली कोविडची दोन वर्षं सोडली तर. व्हिक्टोरिया मी दिवसाउजेडी फक्त एकदाच पाहिलंय. बाकी प्रत्येक वेळी असंच, जेवणं उरकल्यावर. तेव्हा निदान या एका विषयात माझा शब्द धरायला हरकत नाही.

पहिल्यांदा ते 'नावापुरतं' प्रकरण. त्यात तथ्य आहे. अमेरिकेत १८८६ सालचा एक कायदा आहे, 'पॅसेंजर व्हेसल सर्व्हिसेस अ‍ॅक्ट'. परदेशी झेंड्याच्या जहाजाला अमेरिकी बंदरातून प्रवासी घेऊन, मध्ये परदेशातल्या एकाही बंदराला न लागता, त्यांना पुन्हा अमेरिकी बंदरात उतरवता येत नाही. आता मोठ्या क्रूझ जहाजांवर झेंडा असतो बहामाचा, पनामाचा, बर्म्युडाचा नाहीतर नेदरलँड्सचा. सिअ‍ॅटलहून निघून सिअ‍ॅटललाच परत यायचं तर वाटेत परदेशाला पाय लावणं भाग. व्हिक्टोरिया परतीच्या वाटेवरच आहे आणि सिअ‍ॅटल तिथून रात्रभराच्या अंतरावर, म्हणून हा थांबा तिथे आणि त्या वेळी. २०२१ मध्ये कॅनडाने आपली बंदरं क्रूझसाठी बंद ठेवली होती, तेव्हा अलास्काचा हंगाम वाचवायला अमेरिकेच्या संसदेला तात्पुरता वेगळा कायदा करावा लागला. इतकी ती अट पक्की आहे.

हे सगळं सांगितलं ते माहिती म्हणून नाही. याचा तुमच्या बेतावर सरळ परिणाम होतो. कंपनीच्या दृष्टीने हा थांबा व्हायला हवा, पण तो लांबायला हवा असं काही नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे सिअ‍ॅटलला पोचायचं आहे, तिथे पुढचे हजारो प्रवासी वाट बघत असतात. त्यामुळे वारा, प्रवाह, आधीच्या बंदरात झालेला उशीर, काहीही झालं की वेळ कापला जातो तो इथलाच. एकदा आमची बोट आठऐवजी साडेनऊला लागली, आणि निघायची वेळ होती तीच राहिली. म्हणून माझा नियम असा की इथे बाहेरच्या कुणाकडे आगाऊ पैसे भरून सहल ठरवायची नाही, पैसे परत मिळण्याची सोय असेल तरच. बोटीकडून घेतलेली सहल रद्द झाली तर पैसे आपोआप खात्यावर परत येतात.

पण 'थांबा कायद्यापुरता' यातून 'गाव बघण्यासारखं नाही' हा निष्कर्ष काढणं चूक. गाव सुंदर आहे, रात्री तर जास्तच. अडचण वेगळीच आहे. लोक या चार तासांकडे दिवसाचा लहान तुकडा म्हणून बघतात. सकाळच्या बंदरात जे करतो तेच, फक्त घाईघाईने: म्युझियम, बाग, किल्ला, खरेदी. आणि तिथे जाऊन दारं बंद दिसली की 'काही नाही हो तिथे' म्हणत परत येतात. म्युझियम संध्याकाळीच बंद होतं. क्रेगडॅरोक कॅसल त्याच्याही आधी. एम्प्रेस हॉटेलचा तो प्रसिद्ध दुपारचा चहा हा दुपारचाच असतो, रात्री नऊला कुणी तुमच्यासाठी किटली चढवणार नाही. या यादीवर आधीच काट मारलीत तर जे उरतं ते खास रात्रीचं असतं, आणि ते बघायला तिकीटही लागत नाही.

आता वेळेचा हिशोब. कागदावर चार तास दिसतात, हातात दोन येतात. आठला बोट धक्क्याला लागते, मग दोर, मग अधिकाऱ्यांची परवानगी. सव्वाआठ-साडेआठला उतरायची घोषणा होते आणि तेव्हा जिन्यापाशी अख्खी बोट जमलेली असते. तुम्ही जमिनीवर पाय ठेवता तेव्हा पावणेनऊ झालेले असतात असं धरा. परत येण्याची शेवटची वेळ सुटण्याच्या निदान अर्धा तास आधी, म्हणजे साडेअकरा. (ती वेळ त्या दिवशीच्या पत्रकात छापलेली असते, तीच खरी मानायची.) गावातून धक्क्यावर यायला बसच्या रांगेसकट अर्धा-पाऊण तास धरला तर पावणेअकराला गाव सोडायचं. गावात पोचायला नऊ वाजतात. उरले पावणेदोन तास, फार तर दोन.

या दोन तासांत बुचार्ट बसतं का, हा तुमचा खरा प्रश्न.

बाग गावात नाही. उत्तरेला वीसेक किलोमीटरवर ब्रेंटवूड बे इथे आहे, बसने धक्क्यापासून पाऊण तास. जाऊन-येऊन दीड तास रस्त्यातच. बाग अप्रतिम आहे यात वाद नाही. तिची जन्मकथाही मजेदार आहे: सिमेंटच्या कारखान्यासाठी चुनखडी काढून काढून खाण संपली, आणि मालकाची बायको जेनी बुचार्टने त्या भल्यामोठ्या खड्ड्यात घोडागाड्यांनी माती आणून बाग उभी केली. तीच आजची 'संकन गार्डन'. साधारण जूनच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत रात्रीची रोषणाई असते, आणि जुलै-ऑगस्टच्या शनिवारी आतषबाजी. म्हणजे रात्रीही जाण्यासारखी आहेच. पण आठच्या बोटीने बागेत पोचेपर्यंत साडेनऊ होतात, आणि बाग बंद होण्याची वेळही महिन्यानुसार बदलते. तासभर, तोही अंधारात, बसची वेळ चुकेल या धास्तीने चालायचं. ऑगस्टच्या शेवटी डेलिया ऐन बहरात असतात, आणि त्यांचे रंग दिव्याखाली निम्मे मरतात. मी स्वतः हे दोनदा केलंय. दोन्ही वेळा गटातल्या लोकांनी बागेपेक्षा बसचं वर्णन जास्त केलं.

तुमची बोट संध्याकाळी सहाला किंवा त्याआधी लागत असती तर मी उलट सांगितलं असतं, 'डोळे मिटून बुचार्ट घ्या.' जून-जुलैमध्ये सहाला उतरलात तर बाग उजेडात बघायची, मग संधिप्रकाशात, मग दिव्यांत, असा तिहेरी लाभ होतो. तेव्हाही ती सहल बोटीकडूनच घ्यायची. वीस किलोमीटर लांब, एकच रस्ता, आणि शनिवारी आतषबाजीनंतर वाहनतळातून एकदम बाहेर पडणारी गर्दी. बोटीच्या सहलीची बस अडकली तर जबाबदारी बोटीची असते. तुमच्या भाड्याच्या गाडीसाठी कुणी थांबत नाही.

तेव्हा आठच्या बोटीला बुचार्ट नाही. आठला पोचणाऱ्याने गावच बघावं.

गाव कसं बघायचं हे महिन्यावर ठरतं, कारण इथे सूर्य फार मोठा झोका घेतो. जूनच्या अखेरीस सूर्यास्त सव्वानऊच्या पुढे. मे महिन्याच्या सुरुवातीला साडेआठच्या आसपास. सप्टेंबरच्या मध्यावर साडेसातच्या आतच. म्हणजे एकाच बोटीचा तोच आठचा थांबा जूनमध्ये उन्हात सुरू होतो आणि सप्टेंबरमध्ये मिट्ट काळोखात. कुणी जूनमध्ये जाऊन आलेला माणूस तुम्हाला 'समुद्राकाठाने चालत जा, बिकन हिल पार्कमधून फिरा' असं सांगेल, त्याचं त्याच्यापुरतं बरोबरच असतं. तुम्ही ऐकायचं नाही. तुमच्या आठवड्यात सूर्य आठच्या सुमारास बुडतो. उतरेपर्यंत तिन्हीसांजेचा अंधार, गावात पोचेपर्यंत रात्र.

म्हणून तुमच्यासाठी ही संध्याकाळ बोटीवरच सुरू होते. सातलाच डेकवर जा. बोट पॅसिफिककडून हुआन दे फुका सामुद्रधुनीत शिरून पूर्वेकडे येत असते. उजव्या हाताला अमेरिकेची ऑलिंपिक पर्वतरांग, डाव्या हाताला व्हँकुव्हर बेट, आणि सूर्य पाठीमागे. त्या वेळचे ते डोंगर बघायला डेकवर फारसं कुणी नसतं, कारण सगळे खाली बॅगा भरत किंवा जेवत असतात. मुलाला एक काम द्या: डावीकडे काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा दीपस्तंभ शोधायचा. तो रेस रॉक्सचा, १८६० सालापासून उभा. हवा स्वच्छ असेल तर दुर्बिणीतून सापडतो. सासऱ्यांनाही हे सगळं खुर्चीत बसून मिळेल. गरम कपडे मात्र घाला, त्या सामुद्रधुनीतला वारा ऑगस्टमध्येही बोचतो.

जेवण त्याआधी उरका. तुमची जेवणाची वेळ उशिराची असेल तर त्या दिवशी बुफेत साडेपाच-सहाला जेवून घ्या. गावात जाऊन उपाहारगृहात बसणं हा या थांब्यावरचा सगळ्यात महागडा निर्णय, आणि मी पैशाबद्दल बोलत नाहीये. टेबल मिळायला वीस मिनिटं, पदार्थ यायला तीस, बिल यायला दहा. तासभर तुम्ही चार भिंती बघता.

उतरताना दोनच गोष्टी शहाणपणाच्या: एकतर अगदी पहिल्या पन्नासांत असा, नाहीतर वीस मिनिटं थांबून जा. मधल्या लाटेत सापडलात की जिन्यातही उभं राहायचं आणि बसच्या रांगेतही. सासऱ्यांचे गुडघे बघता मी दुसरा मार्ग घेईन. शिवाय त्या रात्री धक्क्याला तुमची एकटीच बोट नसते, बहुतेक वेळा दोन-तीन असतात. बंदराच्या वेळापत्रकात कुठली बोट किती वाजता हे आधीच दिसतं. ते पाहून ठेवा. दुसरी मोठी बोट तुमच्याच वेळेला येत असेल तर परतीचा वेळ पंधरा मिनिटांनी वाढवा.

धक्क्याचं नाव ऑग्डेन पॉइंट. तिथून गावाचा मध्य, ज्याला इनर हार्बर म्हणतात, सुमारे दोन किलोमीटर. तरुण माणसाला पंचवीस मिनिटांची सपाट वाट, जेम्स बे नावाच्या शांत वस्तीतून. सासू-सासऱ्यांसाठी शटल बस किंवा टॅक्सी. तुम्ही पाच जण, तेव्हा साध्या टॅक्सीत मावणार नाही, व्हॅन मागा. धक्क्यावर सायकलरिक्षाही असतात. दोघांची बसायची सोय, पायावर पांघरूण, आणि चालवणारी कॉलेजची पोरं गप्पिष्ट. आमच्या गटातल्या एका आजींना अख्ख्या अलास्कात हिमनदीपेक्षा ती रिक्षाच जास्त आवडली होती. भाडं वेळेवर असतं की फेरीवर, ते बसायच्या आधी विचारून घ्या.

इनर हार्बरला उतरलात की आता घाई संपली. दोन मोठ्या इमारती काटकोनात उभ्या आहेत: ब्रिटिश कोलंबिया प्रांताचं संसदभवन आणि एम्प्रेस हॉटेल. मध्ये पाणी. संसदभवनाच्या कडांवर तीन हजार तीनशेहून जास्त दिवे आहेत, आणि अंधार पडला की ते अख्खं भवन ठिपक्यांनी काढलेल्या रांगोळीसारखं दिसतं. १८९७ मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाला साठ वर्षं झाली तेव्हा ते पहिल्यांदा उजळलं, इमारतीचं रीतसर उद्घाटन व्हायच्याही आधी. घुमटाच्या टोकावर सोन्याचा मुलामा दिलेला पुतळा आहे, तो कॅप्टन जॉर्ज व्हँकुव्हरचा. मुलाला विचारा, वर कोण उभं आहे.

या दोन्ही इमारतींचा आराखडा एकाच माणसाचा, फ्रान्सिस रॅटनबरीचा. इंग्लंडहून आला आणि थोड्याच काळात, पंचविशीत, संसदभवनाची स्पर्धा जिंकून बसला. एम्प्रेस १९०८ मध्ये उघडलं. पुढे घरातल्या भानगडींनी गावाने त्याला वाळीत टाकलं, तो इंग्लंडला परतला आणि १९३५ मध्ये तिथे त्याच्या बायकोच्या तरुण प्रियकराने त्याच्या डोक्यात घाव घालून त्याला मारलं. मुलापुढे ही गोष्ट सांगायची की नाही ते तुम्ही ठरवा. मी मोठ्यांच्या गटाला पाण्याकाठच्या बाकावर बसवून ती सांगतो आणि त्या गोष्टीत वीस मिनिटं छान जातात, गुडघ्यांनाही आराम मिळतो.

संसदभवनाच्या हिरवळीपासून एम्प्रेसपर्यंत जेमतेम तीन-चारशे मीटर, सगळं सपाट, जागोजागी बसायला जागा. उन्हाळ्यात खालच्या घाटावर वादक आणि चित्रकार असतात. एम्प्रेसच्या लॉबीत डोकावायला कुणी हरकत घेत नाही. बाजूलाच म्युझियमलगत थंडरबर्ड पार्क आहे, तिथले टोटेम खांब (मूळच्या समाजांचे कोरीव लाकडी खांब) उघड्यावर आहेत, रस्त्यावरूनही दिसतात. अलास्कात केचिकनला तुम्ही टोटेम पाहून आलेला असालच, इथे थोडं तुलनेने बघा. व्हिक्टोरिया ज्या जमिनीवर उभं आहे ती साँगहीज आणि एस्क्विमॉल्ट या मूळच्या लोकांची, त्यांच्या भाषेवरून त्यांना लेक्वंगेन असंही म्हणतात. टोटेम मात्र बहुतांशी उत्तरेकडच्या समाजांच्या परंपरेतले.

एवढंच बघायचं. तुम्हाला वाटेल दोन तासांसाठी हे थोडं झालं. सात दिवस बुफे, शो आणि घोषणा ऐकून आलेल्या माणसाला पाण्याकाठी नुसतं बसायला मिळणं किती बरं वाटतं, ते तिथे गेल्यावरच कळतं.

मुलगा चुळबुळ करायला लागला तर दोन मार्ग आहेत. एक, तुमच्यापैकी एकाने त्याला चायनाटाउनमधल्या फॅन टॅन अ‍ॅलीत न्यावं. एम्प्रेसपासून किलोमीटरभर. दुकानं त्या वेळी बंद असतात, पण गल्ली बघायला दुकान लागत नाही, अरुंद जागी ती मीटरभरसुद्धा रुंद नाही. दोन्ही हात पसरले की दोन्ही भिंती हाताला लागतात, मुलांना एवढं पुरतं. दुसरा मार्ग म्हणजे फिशरमन्स वॉर्फ, पाण्यावर तरंगणारी रंगीत घरं. हे धक्का आणि गाव यांच्या मध्ये आहे, पाण्याकाठच्या पायवाटेने जोडलेलं. उजेड असेल तर मी हेच सुचवलं असतं, कारण तिथे सील दिसतात. रात्री पाण्यात नुसती हालचाल कळते. एक गंमत मात्र तुमच्या महिन्यात हुकेल: इनर हार्बर हा समुद्रविमानांचा विमानतळही आहे, पण अंधार पडल्यावर ती उडत नाहीत. जूनवाल्यांना ती भाग्याने मिळतात.

धक्क्यालगत एक लांब बंधारा आहे, पाऊण किलोमीटरचा, टोकाला दीपस्तंभ. गावात जायचंच नसेल त्यांनी तिथे फेरी मारावी, कठडे आहेत. पण वारा असतो, आणि तुमच्या सासऱ्यांना तिथे नेऊ नका.

आता ज्या गोष्टींनी खरोखर फजिती होते त्या सांगतो, कारण त्या कुठल्याच माहितीपत्रकात एकत्र सापडत नाहीत.

पहिली बॅगांची. व्हिक्टोरिया हा शेवटचा थांबा, म्हणजे ती शेवटची रात्र. मोठ्या बॅगा चिठ्ठ्या लावून केबिनच्या दाराबाहेर रात्री दहा-अकराच्या आत ठेवायच्या असतात, नेमक्या तुम्ही गावात असताना. म्हणून बॅगा दुपारीच भरायच्या आणि उतरायच्या आधी बाहेर ठेवायच्या. इथेच लोक चुकतात. एका जोडप्याने इतक्या निष्ठेने बॅगा भरल्या की बूट, जाकिटं सगळं आत गेलं आणि बॅगा गेल्यावर लक्षात आलं. ते बिचारे सपाता घालून, बोटीवरची ब्लँकेटं गुंडाळून डेकवरून गावाचे दिवे बघत बसले. दुसऱ्या एका काकांनी पासपोर्टच बॅगेत टाकला. ती बॅग परत शोधायला बोटीवरच्या लोकांना दोन तास लागले, थांबा तिथेच संपला. उतरायचे कपडे, बूट, औषधं, कागदपत्रं आणि उद्याचा एक जोड: हे आधी पलंगावर वेगळं काढा, मगच बॅग उघडा. किंवा स्वतःच्या बॅगा स्वतः ओढत उतरायची मुभा बहुतेक बोटींवर असते, ती घ्या. मग ही कटकटच नाही. पाच जणांत ओढणारे हात कमी असतील तर मात्र दारातच ठेवा.

दुसरी घड्याळाची. अलास्काची वेळ व्हिक्टोरियापेक्षा एक तास मागे. केचिकन सोडल्यावर बोट घड्याळ एक तास पुढे करते, पत्रकात तशी सूचनाही असते. फोन एअरप्लेन मोडवर असेल किंवा हातात जुनं मनगटी घड्याळ असेल तर ते अलास्कातच राहतं. मग तुमचं घड्याळ सव्वादहा दाखवतं तेव्हा खरे सव्वाअकरा वाजलेले असतात. आमच्या गटातले एक गृहस्थ अशा निवांतपणे आइस्क्रीम खात बसले होते, मी शोधत गेलो नसतो तर त्यांची बोट सुटली असती. उतरायच्या आधी पाचही जणांची घड्याळं जिन्याजवळच्या बोटीच्या घड्याळाशी जुळवा.

तिसरी कागदांची. भारतीय पासपोर्ट असेल तर कॅनडाचा व्हिसा लागतो, थांबा चारच तासांचा असला तरी. अमेरिकेचं ग्रीन कार्ड असणाऱ्यांना त्यातून सूट आहे, पासपोर्ट आणि कार्ड मात्र जवळ हवं. शिवाय कॅनडातून तुम्ही अमेरिकेत परत शिरता, तेव्हा अमेरिकेचा व्हिसा एकाहून अधिक प्रवेशांचा हवा. सासू-सासऱ्यांचे व्हिसे आत्ताच उघडून बघा. 'उतरलोच नाही तर व्हिसा कशाला' असं समजू नका: सीमा बोट ओलांडते, आणि तुम्ही तिच्यावर असता. व्हिसा नसेल तर सिअ‍ॅटललाच बोटीवर चढू देत नाहीत.

उतरताना मी पासपोर्ट सोबत ठेवतो, केबिनमधल्या तिजोरीत नाही. कारण समजा बोट चुकलीच, तर बोट सकाळी सिअ‍ॅटलला असते आणि तुम्ही दुसऱ्या देशात. प्रवासी फेरी नाहीतर विमान पकडून तिथे पोचता येतं, पण सीमा पासपोर्टशिवाय ओलांडता येत नाही. पत्रकावर बंदरातल्या एजंटचा फोन नंबर छापलेला असतो, त्याचा फोटो काढून ठेवा. आजवर मला तो एकदाही लागला नाही, तरी दर वेळी काढतो.

परतीची बसची रांग पावणेअकरानंतर भराभर वाढते. सव्वाअकराची बस पकडण्याचा बेत आखू नका, तो तीनही बोटींवरच्या लोकांनी आखलेला असतो. साडेदहाला उठा. रांग अगदीच लांब दिसली तर तुम्ही आणि मुलगा चालत निघा, सासूबाईंना सायकलरिक्षा.

राहता राहिला सासऱ्यांचा प्रश्न. बोटीवर राहिले तर चालतं का? चालतं. कॅनडाच्या अधिकाऱ्यांनी काही खास तपासणी सांगितली नसेल तर उतरणं सक्तीचं नसतं. बंदरात असताना बोटीवरची दुकानं आणि कॅसिनो बंद असतात, पण वाचनालय आणि डेक जवळजवळ रिकामे मिळतात. पण मी त्यांच्याशी आधी एकदा नीट बोलेन. बहुतेक वेळा ज्येष्ठ मंडळी 'मी बसतो बोटीवर' म्हणतात ते गुडघ्यामुळे नाही, आपल्यामुळे बाकीच्यांचा खोळंबा होईल या संकोचाने. त्यांना स्पष्ट सांगा की चालायचं फक्त तीनशे मीटर आहे, उरलेला वेळ बाकावर बसायचं आहे आणि तुम्हीही बसणारच आहात. धक्क्यावरच्या जिन्याचा उतार भरती-ओहोटीप्रमाणे कमी-जास्त होतो, तेवढा एक टप्पा त्यांना कठीण जाईल. बोटीच्या स्वागतकक्षात दुपारीच सांगून ठेवलंत तर त्या उतारापुरती चाकाची खुर्ची आणि एक माणूस मिळू शकतो. एवढं ऐकूनही ते नाही म्हणाले, तर त्यांचं खरंच नाही आहे. मग त्यांना सातला डेकवर डोंगरांसमोर चांगली खुर्ची आणि पांघरूण देऊन या, केबिनची एक किल्ली त्यांच्याकडे ठेवा, आणि बाहेर ठेवलेल्या बॅगा उचलून नेल्या की नाहीत हे दहाला बघायचं काम त्यांच्यावर सोपवा.